मोटरहोममधला फ्रिज गॅसवर गार होईना: दुरुस्तीचा माझा अनुभव

आमची मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, जर्मनीत असते. तिच्यातल्या फ्रिजला घरच्यासारखा कॉम्प्रेसर नाही. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेल्या बंद नळ्या असतात. त्यांना खालून उष्णता मिळाली की आत गारवा तयार होतो. उष्णता 230 व्होल्ट, 12 व्होल्ट किंवा गॅस, कशाचीही चालते. बिघाड शोधायला हीच सोय उपयोगी पडते. आमचा फ्रिज 230 व्होल्टवर छान गार व्हायचा, गॅसवर मात्र नाही. म्हणजे नळ्या शाबूत आणि दोष ज्योतीत.

तिन्हींवर गार होत नसेल, तर आधी फ्रीजरच्या तळाला स्पिरिट लेव्हल (सपाटी तपासायची बुडबुड्याची पट्टी) लावा. या फ्रिजला पंप नसतो, द्रव उतारानेच वाहतो. गाडी कलती उभी असेल तर तो अडून राहतो. मागच्या नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा वास आला तर गळती आहे. ती भुकटी विषारी असते, हात लावू नका. तो संचच बदलावा लागतो. फक्त विजेवर चालत नसेल, तर प्लग काढून हीटरचा रोध मोजा: 230 व्होल्टच्या 125 वॅटच्या हीटरला साधारण 423 ओहम, 12 व्होल्टच्या 120 वॅटवाल्याला 1.2 ओहम.

आता ज्योत. सिलिंडर बंद केला, बर्नर पूर्ण निवू दिला आणि बाहेरची खालची जाळी काढली. ज्योत निळी आणि ताठ हवी. आमची पिवळी, लवलवती होती. धुरांड्यात तारेला टांगलेली एक पिळदार पट्टी असते, तिला बॅफल म्हणतात. ती वरून ओढून काढली. काढण्याआधी तारेवर खूण करा, कारण पट्टी बर्नरपासून ठरलेल्या उंचीवरच लटकायला हवी. उंची चुकली की उष्णता नळीला न लागता वर निघून जाते. बर्नर ओल्या फडक्याने झाकून गोल ब्रशने धुरांडं घासलं. गंजाचे पापुद्रे आणि काजळी ढिगाने खाली आली. हाच कचरा बर्नरच्या फटींत पडतो आणि ज्योत बिघडते.

बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीला जेट म्हणतात. तो काढायचा म्हणजे गॅसचा जोड सुटतो, म्हणून ते काम गॅसच्या जाणकार मेकॅनिककडून करून घेतलं. जेट स्पिरिटमध्ये भिजवून उलट्या बाजूने हवा मारायची. सुई कधीही घालू नका. भोक किंचित जरी मोठं झालं तरी गॅस जास्त जातो आणि पुन्हा काजळी धरते. जोड घट्ट केल्यावर साबणाच्या पाण्याने तपासणी झाली. बुडबुडा दिसला तर पेटवायचंच नाही.

ज्योत पेटते पण बटण सोडलं की विझते, असं असेल तर थर्मोकपल पाहा. त्याचं टोक ज्योतीत असायला हवं. ते तापलं की काही मिलिव्होल्ट वीज देतं आणि त्यावरच गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. बरेच जण ते आधीच बदलतात. माझ्या मते आधी साफसफाई करावी, कारण कमजोर ज्योत त्याला नीट तापवतच नाही.

बॅफल खुणेवर बसवून, जाळी लावून फ्रिज रिकामाच चालू केला. हा फ्रिज धिमा असतो, पूर्ण गार व्हायला सहा-आठ तास लागतात, म्हणून तासाभरात निष्कर्ष काढू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी आत थर्मामीटर 5 अंश दाखवत होता.