मुंजीच्या वर्षापासून

काकूंचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी पोह्यांवर शेव घालत होते. "अगं, झाड तोडायला माणूस आलाय. तू एकदा बघून जातेस का? नंतर रुखरुख नको." पोहे डब्यात भरले, खुरपी नि भिंग पिशवीत टाकलं आणि स्कूटर काढली.

इंदूरच्या लोकमान्य नगरातलं जुनं बैठं घर. मागच्या अंगणात आंबा, सासऱ्यांनी गृहप्रवेशाच्या वर्षी लावलेला. या झाडाशी माझी ओळख आधीची होती, आणि ती सांगताना लाज वाटते. मागच्या वर्षी काकूंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पानांचा फोटो पाठवला होता. पानं चिकट, वर काजळी. म्हणजे तुडतुडे: मोहोरातला रस शोषतात, गोडसर चिकटा टाकतात, त्यावर काळी बुरशी धरते. मी दोन ओळींत फवारणी लिहून पाठवली. तुडतुडे होतेच, त्यामुळे निदान चुकलं असंही म्हणता येत नाही. पण फोटोत होती चार पानं. झाड बघायला मी गेलेच नव्हते.

आता बघितलं आणि पोटात गोळा आला. जूनचा पहिला आठवडा, आंब्याखाली गच्च सावली हवी, तर इथे फांद्यांमधून आभाळ दिसत होतं. शेंडे वाळलेले. उरलेली पानं लहान, फिकी. शेजाऱ्यांच्या गाडीवर वाळकी फांदी पडली होती, त्यामुळे पुण्याच्या मुलाने फोनवरून निकाल देऊन टाकला होता. तोडणारा भैया दोर खांद्यावर टाकून चहा पीत होता. "मैडम, पेड़ तो गया. दीमक खा गई." महापालिकेची परवानगी घेतलीय का, असं मी विचारलं. काकूंनी ते ऐकलं नसल्यासारखं केलं.

वाळवी होती, खोडावर मातीचे पापुद्रेही होते. ते खरवडले तर खाली फक्त वरची मेलेली साल कुरतडलेली. एका बेचक्यात साल खाणाऱ्या अळीची विष्ठेची जाळीदार पट्टीही सापडली. पण ही मंडळी बहुतेक वेळा पडक्या वाड्यात शिरणाऱ्या भुरट्या चोरांसारखी असतात. वाडा पडला कशाने, ते वेगळं शोधावं लागतं.

भैयाला म्हटलं, एक अर्धवट वाळलेली फांदी मला खाली दे. कापायचीच होती, तो खुशीत चढला. फांदी मांडीवर घेऊन मी नखाने साल खरवडत गेले. शेंड्याला तपकिरी, कोरडी. हातभर मागे आल्यावर हिरवी ओल लागली. म्हणजे अजून जीव होता.

मग वाढ मोजायला घेतली. आंब्याची फांदी सलग वाढत नाही. एक पालवी येते, थांबते, मग पुढची. थांबते तिथे पानांच्या खुणा दाटीने बसतात, बोट फिरवलं की कडं लागतं. दोन कड्यांमधलं अंतर म्हणजे त्या पालवीची वाढ. जुन्या टोकाकडून मोजत आले: वीतभर, वीतभर, पुन्हा वीतभर, आणि एकदम चार बोटं. मग दोन बोटं. शेवटची कडी तर एकमेकांना टेकलेलीच. आंबा वर्षातून एकदाही पालवतो, दोनदाही, त्यामुळे हा हिशोब अंदाजाचाच. पण दोन-तीन फांद्या ताडून पाहिल्यावर बोट चार-एक वर्षांमागे जाऊन थांबत होतं.

"काकू, चार वर्षांपूर्वी इथे काय झालं?"

"काही नाही गं. काय होणार?" मग जरा थांबून, "नातवाची मुंज झाली. 2019 च्या मे महिन्यात. मांडव इथेच घातला होता."

मांडव म्हटल्यावर मी खाली बघितलं. अंगणभर पेव्हर ब्लॉक, भिंतीपासून भिंतीपर्यंत. झाडाभोवती विटांचा गोल कट्टा, गेरू-चुन्याने रंगवलेला, आत काळीभोर माती. पाहुण्यांना चिखल नको म्हणून मुरूम टाकून अंगण उंच केलेलं आणि ठोकून घट्ट बसवलेलं. 2017 पासून शहर स्वच्छतेत पहिलं येऊ लागलं तसं आमच्या इंदूरला पाचोळ्याचं वावडं झालंय. पेव्हर झाडायला सोपे. घरोघरी ओल्या कचऱ्याचं खत व्हायला लागलं, ते मात्र उत्तम झालं. फक्त काकू ते खत चार वर्षं, दर महिन्याला, प्रेमाने बुंध्याला टेकवून ओतत होत्या.

आंब्याचा बुंधा जमिनीत शिरताना पसरतो, हत्तीच्या पायासारखा. इथे खोड सरळ खांबासारखं मातीत गेलं होतं. हे मला अंगणात पाऊल टाकताच दिसायला हवं होतं. मी वर बघत राहिले.

भैयाला म्हटलं, कुऱ्हाड ठेव, हाताने माती काढू. पहार फक्त विटांपुरती. तो हसला, पण बसला. वीतभर खाली गेलो तर ओली साल लागली, काळी पडलेली, बोटाने दाबली की दबणारी. आंबूस वास. आणखी खाली मनगटाएवढं एक मूळ, खोडाला अर्धा वळसा घालून सालीत रुतलेलं. त्याच्यावर अंगठ्याएवढं दुसरं. खरा बुंधा हातभर खोल सापडला. भैया मागे टेकून बसला आणि म्हणाला, "इसका तो गला घुट रहा था."

मुळं श्वास घेतात, हे वर्गात सगळेच लिहितात. आमच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर 1924 साली ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभारली. कंपोस्टची जगभर गेलेली 'इंदूर पद्धत' तिथलीच. त्याआधी बिहारमधल्या पुसाच्या कृषी संशोधन संस्थेत असताना त्यांनी फळझाडांची मुळं उकरून बघितली होती, वर गवत माजलं की झाडं का खंगतात ते शोधायला. मातीतली हवा कोंडणं, हे त्यांना सापडलेलं कारण. खताचा ढीग वरखाली करायचा तोही हवेसाठीच. त्याच शहरात आम्ही काळ्या मातीवर, जी पावसात फुगून मुळातच हवा कोंडते, मुरूम ठोकून फरशी घालतो.

दुपारपर्यंत कट्टा गेला, चारी बाजूंनी पाच-पाच फूट पेव्हर निघाले. बारकं मूळ करवतीने कापलं. जाड मूळ ठेवलं. एकाच दिवशी दोन्ही कापायची माझी हिंमत झाली नाही. सडकी साल निरोगी कडेपर्यंत तासली आणि बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावली: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, या मापाने बादलीभर. अळीच्या भोकात तार घालून तिला संपवलं. फक्त वाळलेलं लाकूड उतरवलं. युरिया टाकू का, असं काकूंनी तीनदा विचारलं, मी तीनदा नाही म्हटलं. धाप लागलेल्या माणसाला कोणी जेवायला वाढत नाही.

खरी डोकेदुखी पुढे होती. पाऊस दहा-बारा दिवसांवर, आणि आम्ही झाडाभोवती तळं खणून ठेवलेलं. म्हणून खड्ड्यापासून गटारापर्यंत उताराचा चर काढला. भैयाने तो इतका सुबक काढला की त्याला तोडणीचे ठरलेले पैसे पूर्ण द्या असं मीच काकूंना सांगितलं. वाळकी लाकडंही तोच घेऊन गेला. मी पाचोळ्याचा थर पसरला, बुंध्यापासून हातभर लांब, आणि बजावलं: हा हलवायचा नाही.

सप्टेंबरात पुन्हा गेले. पूर्वेकडची मोठी फांदी गेली होती, ती उतरवावी लागली. बाकी दोन फांद्यांवर तांबूस पालवी, चार बोटांहून जरा जास्त. मी मोजलं, काकूंनी परत मोजायला लावलं. मग खाली बघितलं तर पाचोळा गायब, जमीन लख्ख, वर रांगोळीची पावलं.

"अगं, गौरी येणार होत्या," काकू म्हणाल्या. "पाचोळ्यातून कशा आणायच्या त्यांना?"

पाचोळा गच्चीवर गोणीत भरून ठेवला होता. मी वर जाऊन गोणी घेऊन आले.