तुम्ही विचारलंत म्हणून: सात गाठी आणि नेमका शेक

"मेंदूत सात गाठी होत्या ना, मग सगळ्या डोक्याला शेक का नाही दिला?" ताईची चौकशी करणारं कुणी ना कुणी हे विचारतंच. शेक म्हणजे कॅन्सरवरचं रेडिएशन. परवा राम मारुती रोडवर एका ओळखीच्या बाईंनी विचारलं. त्यांच्या यजमानांच्या डोक्यात चार गाठी निघाल्यात. रस्त्यात धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

ताईचा मूळ आजार स्तनाचा कॅन्सर. तीन वर्षांनी डोकं दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, आणि एमआरआयमध्ये सात ठिपके दिसले. एक हरभऱ्याएवढा, बाकीचे मुगाएवढे. स्टेरॉइडने सूज उतरली. पहिल्या डॉक्टरांनी सबंध मेंदूला शेक सांगितला, रोज एक असे दहा. गाठी तीन-चारच्या वर गेल्या की पूर्वी हेच ठरलेलं असायचं.

दुसरं मत घ्यायला नवी मुंबईला गेलो. तिथल्या रेडिएशनच्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "या दिवसभर करतात काय?" ताई अठ्ठावीस जणींच्या भिशीचा हिशेब तोंडी ठेवते. मग त्यांनी नीट समजावलं. सबंध मेंदूला शेक दिला की आठवणी साठवणाऱ्या भागालाही तो बसतो, आणि पुढे काही महिन्यांत स्मरणशक्तीला त्याची झळ लागू शकते. त्याऐवजी नेमका शेक देता येतो: त्यात एकेका गाठीवर जबर मात्रा टाकतात, आणि गाठीच्या कडेबाहेर काही मिलिमीटरमध्येच ती झपाट्याने उतरते. मूळ कल्पना स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांची, 1951 सालची. जपानमध्ये 1194 रुग्णांना असा नेमकाच शेक देऊन पाहिला. पाच ते दहा गाठीवाले दोन ते चार गाठीवाल्यांपेक्षा कमी जगले नाहीत, हे 2014 साली छापून आलं. म्हणजे नुसता आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. सगळ्या गाठी मिळून किती जागा व्यापतात, त्या कुठे आहेत, मूळ आजार आटोक्यात आहे का, यावर बरंच ठरतं.

नेमक्या शेकासाठी मुखवटा करताना मी दारात उभी होते. जाळीदार पांढरा प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ केला आणि ताईच्या चेहऱ्यावर ओढून बसवला. "ऊन रुमाल ठेवल्यासारखं वाटलं," ती म्हणाली. थंड झाल्यावर तो कडक झाला. शेकाच्या दिवशी तोच मुखवटा टेबलाला घट्ट अडकवला, कारण डोकं जरा हललं तरी नेम चुकतो. एकदाच झोपवून सातही गाठींना शेक दिला. दुखलं काहीच नाही. कपाळावर जाळीचे चौकोन उमटले होते, ते लोकलमध्ये ऐरोली येईपर्यंत दिसत होते. मी सारखी तिकडेच बघत होते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बाकीच्या मेंदूला शेक नसल्यामुळे नवी गाठ उगवू शकते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय चुकवायचा नाही. ताईला आठव्या महिन्यात एक नवी गाठ निघाली, तेवढीच पुन्हा शेकली. शेकलेल्या जागी कधीकधी पेशी मरून सूज येते, तीही गाठीसारखीच दिसते. गाठ फार मोठी असेल तर आधी ऑपरेशन लागू शकतं. मेंदूभोवतीच्या पाण्यात आजार पसरला असेल, तर बहुधा सबंध शेकच योग्य ठरतो.

म्हणून बाई, यजमानांचं दुसरं मत घ्या, पण लवकर घ्या. आणि जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, एमआरआयची सीडी न्या. गाठी डॉक्टरांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या असतात.