सकाळी अश्रू, दुपारी जन्मदाखला

२१ फेब्रुवारी २०२०, महाशिवरात्र. मराठी बातम्यांच्या एका संकेतस्थळावर मी तेव्हा 'परदेश' आणि 'व्हायरल' असे दोन विभाग बघायचे. सणाच्या दिवशी डेस्कवर अर्धीच माणसं, आणि तीही भगर-आमटीच्या डब्यांभोवती. त्यामुळे ऑस्ट्रेलियातल्या त्या नऊ वर्षांच्या मुलाची बातमी दिवसभर माझ्याच गळ्यात पडली.

बातमी आदल्या दिवसापासून चालूच होती. ब्रिस्बेनमधली एक आई मुलाला आणायला शाळेत गेली, तर कोणीतरी त्याच्या उंचीवरून बोलत त्याच्या डोक्यावर थोपटत होतं. गाडीत बसल्यावर पोराचा बांध फुटला आणि आईने फोन काढून ते लाइव्ह दाखवलं. गणवेशातलं पोर हमसून हमसून रडतंय, जगायचंच नाही म्हणतंय, आणि आई सांगतेय, चिडवण्याने हे असं होतं, आपापल्या मुलांना समजवा. पोराला ॲकॉन्ड्रोप्लासिया आहे, म्हणजे हाडांची वाढ खुंटवणारा, जन्मतःच असलेला आजार. त्याचं नाव तेव्हा जगभर छापून आलं. मी इथे लिहीत नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. हॉलिवूडचा नट ह्यू जॅकमन याने धीर देणारा व्हिडिओ टाकला. ब्रॅड विल्यम्स या अमेरिकन विनोदवीराला स्वतःला तोच आजार आहे. त्याने पोराला डिस्नेलँडला पाठवायला १०,००० डॉलरची वर्गणी मागितली, ती शेवटी पावणेपाच लाख डॉलरच्या आसपास गेली. आमच्या फेसबुक पानावरही माया नुसती उतू जात होती. 'बाळा रडू नको, आम्ही आहोत.' 'पत्ता द्या, चॉकलेटं पाठवते.' एका काकांनी तर त्या शाळेतल्या सगळ्या पोरांची नावं काढून टाकायला सांगितलं, जसं काही दाखले आमच्याच डेस्कवरून निघतात!

शुक्रवारी दुपारी त्याच पानावर एक फोटो फिरायला लागला. पोरगा वाढदिवसाच्या पार्टीत, आणि बाजूला भला मोठा '१८' चा आकडा. झालं. तो नऊचा नाहीच, अठरा वर्षांचा नट आहे, गळ्यात साखळ्या बघा, हातात नोटा बघा, आपल्याला येड्यात काढलं. सकाळी चॉकलेटं पाठवणाऱ्या बाई आता पुरावा मागत होत्या.

शिफ्ट-इनचार्ज खुर्ची सरकवत माझ्याकडे आले. "लाव पटकन. 'तो चिमुकला निघाला अठरा वर्षांचा?' प्रश्नचिन्ह ठेव."

प्रश्नचिन्ह हा आमच्या धंद्यातला विमा आहे. ते लावलं की काहीही लिहा, अंग झटकायला मोकळे. मी म्हटलं, "सर, अर्धा तास द्या." ते म्हणाले, "अर्ध्या तासात दुसरे खाऊन जातील." पण गेले.

फार शोधावंही लागलं नाही. २०१५ साली हाच मुलगा आईबरोबर तिथल्या एका सकाळच्या टीव्ही कार्यक्रमात आला होता, आणि विषय तेव्हाही चिडवण्याचाच. त्या चित्रफितीत तो चार वर्षांचा आहे. २०२० मध्ये अठराचा असता तर तेव्हा तेरा वर्षांचा दिसायला हवा होता. मी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावून सरांना दाखवली. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "बरं, मग 'दावा खोटा' म्हणून लाव," म्हणाले आणि आमटी गरम करायला गेले.

लोकांना हे खरं का वाटलं, तेही सांगायला हवं. या आजारात कपाळ पुढे आलेलं असतं, धडाच्या मानाने डोकं मोठं आणि हातपाय आखूड असतात. अशी मुलं रोज बघण्यात नसली की वयाचा अंदाज हमखास चुकतो. तिथे एका स्तंभलेखिकेनेही हा बनाव असल्याचं ट्विट पुढे पाठवलं होतं. मायलेकांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, तेव्हा सप्टेंबर २०२० मध्ये तिने जाहीर माफी मागितली.

वयाचा मुद्दा निकालात निघाल्यावर कॉमेंट थांबतील असं मला वाटत नव्हतं, आणि थांबल्या नाहीतच. फक्त रोख आईवर वळला. एवढे महागडे कपडे, मग भीक कशाला? (वर्गणी आईने मागितलीच नव्हती.) घराण्यात आहे तर मूल जन्माला घातलंच का? आई आहे की कसाई, रडणाऱ्या पोराचा व्हिडिओ काढते?

यातला शेवटचा प्रश्न मला पटतो. रडणाऱ्या मुलाचा चेहरा जगाला दाखवू नये, असंच माझं मत आहे. गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड केली तर आपल्याकडे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. रात्रपाळीने 'परदेशातलं आहे, चालतंय' म्हणत त्याचा चेहरा मोठा करून लावला होता. तो मी सकाळीच धूसर करून घेतला, त्यावरूनही थोडी वादावादी झाली. पण तोच व्हिडिओ घरच्या चार ग्रुपांवर ढकलून झाल्यावर आईला कसाई म्हणणाऱ्यांना हा प्रश्न विचारायचा काय अधिकार?

अमेरिकेत टेनेसीतल्या एका मुलाचंही डिसेंबर २०१७ मध्ये असंच झालं होतं. तोही गाडीत, आईच्याच फोनसमोर, शाळेत अंगावर दूध ओतलं म्हणून सांगत होता, मुलं असं का वागतात म्हणून विचारत होता. सिनेमाच्या खास खेळांची निमंत्रणं आली, वर्गणी पन्नास हजार डॉलरच्या पुढे गेली. मग वंशवादाशी जोडल्या जाणाऱ्या कॉन्फेडरेट झेंड्यासोबतचे आईचे फोटो निघाले आणि वर्गणी थांबवली गेली. तिथे आक्षेप निराधार नव्हता, फोटो खरेच होते. पण आईचे फोटो काहीही असोत, दूध मात्र पोराच्या अंगावर ओतलं गेलं होतं.

संध्याकाळी आमच्या पानाच्या इनबॉक्समध्ये एकाचा मेसेज आला, 'फोन करा, अर्जंट आहे.' तालुक्याच्या गावातले गृहस्थ होते, नाव छापू नका म्हणाले.

"मॅडम, त्या कॉमेंट बंद करा ना जरा."

त्यांच्या मुलीला तोच आजार. सहावीत आहे. शाळेला सुट्टी, म्हणून ती देवळात गेली, तर गल्लीतली पोरं मोबाइल नाचवत मागे लागली, 'तू पण अठराची ना, खरं वय सांग.' मुलगी दुपारपासून खोलीबाहेर आली नव्हती.

"तिकडं ऑस्ट्रेलियात काय चाललंय ते आम्हाला काय करायचंय हो? पण इथं आमच्या दारात आलं ना ते."

तेव्हा फेसबुकच्या पानावर एखाद्या पोस्टच्या कॉमेंट सरसकट बंद करता येत नसत. एकेक करून लपवाव्या लागत. पान सांभाळणारा मुलगा नवा होता, त्याला शेजारी बसवलं. तो लपवत गेला आणि मी गृहस्थांशी बोलत राहिले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बुटकेपणा आला, म्हणून ते मुलीचा दाखला काढायला जिल्हा रुग्णालयात गेले होते. रांगेतल्या लोकांनी तिथेही मोबाइल काढले. आणि बायकोला सासरचे अजून ऐकवतात, तुमच्याकडंच असणार कोणीतरी.

"डॉक्टर सांगतात, आमच्यात कोणाचाच दोष नाही. तेवढं तरी लिहा की."

ते मी लिहिलं. या आजाराच्या दहापैकी आठ मुलांचे आईबाप दोघंही सर्वसाधारण उंचीचे असतात. जनुकातला बदल त्या मुलातच नव्याने झालेला असतो. 'दावा खोटा'च्या कॉपीत हा परिच्छेद मी सगळ्यात वर घेतला. सर म्हणाले, "वैद्यकीय माहिती वर कशाला? लोक खाली येणारच नाहीत." मी म्हटलं, "म्हणूनच वर."

शनिवारी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी खेळाडूंच्या रग्बी लीग संघाने त्या पोराला हाताला धरून पुढे चालवत मैदानात आणलं. नंतर घरच्यांनी डिस्नेलँडला नकार देऊन तो पैसा गरज असलेल्या सामाजिक संस्थांना जावा असं कळवलं. त्यावरही आमच्याकडे कॉमेंट आली, 'नको म्हणतात म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.'

त्या गृहस्थांचा सोमवारी पुन्हा मेसेज आला. बातमीची लिंक गल्लीत कोणी उघडत नाही, तेवढ्याच परिच्छेदाचा फोटो करून द्या. पान सांभाळणाऱ्या मुलाने मोठ्या अक्षरांत करून दिला. गृहस्थांनी तो गणेश मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि अध्यक्षांच्या पोराला वेगळाही पाठवला. मोबाइल नाचवणाऱ्यांत तोच पुढे होता.