जास्तीत जास्त नर: 2

रिमवर्ल्ड हा माणसांची वसाहत सांभाळायचा कॉम्प्युटर गेम, त्यात एक तक्ता आहे. प्राण्यांच्या टॅबमध्ये जाऊन ऑटो-स्लॉटरचं, म्हणजे आपोआप कत्तलीचं, बटण दाबलं की उघडतो. डावीकडे प्राण्यांच्या जाती आणि पुढे रकाने, एकूण किती ठेवायचे, नर किती, माद्या किती, पिल्लं किती. आकडे टाकायचे आणि खिडकी बंद करायची, बस्स. त्यापेक्षा एक जरी जास्त झालं की वसाहतीतला जो कोणी जनावरं बघतो तो आपणहून उठतो, गोठ्याकडे जातो आणि आकडा परत बरोबर करून येतो.

ही सोय 2021च्या जुलैमध्ये आली, 1.3 व्हर्जनबरोबर. त्याच्या आधी एकेक कोंबडी शोधून तिच्यावर खूण करावी लागायची आणि कोंबड्यांचं तर तुम्हाला माहितीच असेल, आज पाच आहेत म्हणून दुर्लक्ष करावं तर थोड्याच दिवसांत पन्नास होतात आणि हिवाळ्यासाठी साठवलेला सगळा चारा फस्त. तेव्हा मी बसून टिक टिक टिक करत खुणा करायचो. कंटाळा यायचा, पण निदान कोणाला मारतोय ते बघत तरी होतो.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. या गेममध्ये मारणारा वेगळा आणि कापणारा वेगळा. मारायचं काम जनावरं सांभाळणाऱ्याचं, म्हणजे काल ज्याने खायला घातलं तोच. मग कोणीतरी धड उचलून टेबलापर्यंत नेतं आणि मांस-चामडं वेगळं करायचं काम स्वयंपाक्याचं. ते टेबल स्वयंपाकघरात ठेवायचं नाही हे प्रत्येक नवा खेळाडू एकदा सगळ्यांची पोटं बिघडवून शिकतो, कारण त्या टेबलाने खोली घाण होते आणि घाण खोलीत शिजवलं की अन्नातून विषबाधा. म्हणून मग त्याला वेगळी खोली आणि वेगळं दार. माझं कारण स्वच्छतेचंच आहे, पण ते दार लावलेलं बघून जरा बरंही वाटतं हे कबूल करतो.

ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये असा आडोसा नाही. टार्न आणि झॅक ॲडम्स या दोन भावांचा हा गेम, 2006 सालापासून लोकांच्या हातात आहे आणि तपशिलाचं वेड बघायचं तर इथे. एक जनावर कापलं की मांस, चरबी, हाडं, कवटी, कातडं, आतडी, मेंदू सगळं वेगवेगळं मोजून समोर येतं. कातडं वेळेत कमावलं नाही तर सडतं, बंद जागेत सडलं तर जांभळा दुर्गंध पसरतो आणि बुटके, म्हणजे किल्ल्यात राहणारे ड्वार्फ, नाराज होतात. चरबी वितळवायची, त्यात राखेपासून काढलेला क्षार घालून साबण करायचा आणि त्या साबणाने दवाखान्यात जखमा धुवायच्या. म्हणजे एखाद्या बुटक्याचा जीव कधीकधी कुठल्यातरी मांजरीच्या चरबीने वाचलेला असतो.

आणि मांजरीच, कारण मांजरी थांबतच नाहीत. इतक्या वाढतात की प्रत्येकीच्या चालण्याफिरण्याचा हिशोब करता करता कॉम्प्युटरच धापा टाकायला लागतो. इथे लोक मांजरीची पिल्लं कापतात ती भुकेसाठी नाही, फ्रेम रेटसाठी, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र अडखळू नये म्हणून. प्रोसेसरला दम लागू नये म्हणून जीव घेणे हे कारण दुसरीकडे कुठे मी तरी ऐकलेलं नाही.

पण तिथली मांजर हुशार. बाकीच्या प्राण्यांचं मालकाला ठरवू द्या, मांजर आपला मालक आपण निवडते. एकदा तिने एखादा बुटका पसंत केला की ती पाळीव झाली, खाटकाच्या यादीत तिच्यावर खूणच करता येत नाही. म्हणून शहाणे खेळाडू घाई करतात, मांजर प्रेमात पडायच्या आत. हे वाक्य मी आत्ता लिहिलं आणि परत वाचलं, ठीक आहे, असू दे.

याच गेममध्ये 2015मध्ये दारूचे गुत्ते आले आणि मांजरी पटापट मरायला लागल्या. शोधल्यावर कळलं की सांडलेली दारू पंजांना लागायची, मांजर सवयीने अंग चाटायची आणि गेम तिच्या पोटात अख्खा पेला गेल्याचं धरायचा. चूक दुरुस्त झाली. पण मला कौतुक या गोष्टीचं की मांजर अंग चाटते एवढंसुद्धा कोणीतरी लिहून ठेवलेलं होतं.

आता माझं दुखणं सांगतो. रिमवर्ल्डमध्ये माफलो नावाचा प्राणी आहे, गवा आणि लोकरीचा गोळा यांच्या मधलं काहीतरी, निळसर. माझ्याकडे सहा-सात होते. त्यातला एक नर पहिल्या हिवाळ्यापासूनचा, अन्न संपलेलं असताना त्याला मी दोनदा कापायला काढला आणि दोनदा खूण पुसली. मग नाव बदलून बंड्या ठेवलं. ऑटो-स्लॉटरच्या तक्त्यात गाभण माद्यांसाठी एक चौकट आहे आणि ज्यांचं कुठल्या माणसाशी नातं जुळलंय अशा प्राण्यांसाठी एक. नातं जुळलेल्यांना गेम आपणहून सोडून देतो, कारण असा प्राणी गेला की त्याचा माणूस दिवसेंदिवस खचलेला राहतो. बंड्याचं कोणाशीच जुळलेलं नव्हतं. म्हणजे माझ्याशी होतं, पण माझ्यासाठी चौकट नाही. स्क्रीनमधल्या माणसाचा जीव जडला तर गेम मोजतो, स्क्रीनबाहेरच्याचा नाही.

नर जास्तीत जास्त दोन, असं मीच कधीतरी रात्री झोपेत टाकून ठेवलेलं. एक वासरू मोठं झालं, तिसरा नर झाला. मी तेव्हा नकाशाच्या दुसऱ्या टोकाला भिंत बांधत होतो, तिप्पट वेगाने.

मला कळलं ते कोठारात नजर गेली तेव्हा, निळी फर अचानक वाढलेली दिसली. प्राण्यांची यादी उघडली तर दोन नर, दोघांनाही नाव नाही. मग एकेका माणसावर क्लिक करून त्यांचे मूड बघत बसलो, कोणाच्या तरी यादीत काहीतरी असेल म्हणून. टेबलावर बसून जेवलो, छान. झोप पूर्ण झाली, छान. ज्याने मारलं त्याचा मूड तर सगळ्यात वर होता, खोली आवडली होती त्याला.

जुना सेव्ह, म्हणजे आधी जतन केलेला खेळ, उघडता आला असता, पण भिंत परत बांधायचा कंटाळा आला. हे खरं कारण. तक्ता उघडला, नरांपुढचा 2 खोडून 3 केला आणि जरा वेळ तसाच बघत बसलो, मग शिंप्याच्या यादीत निळ्या फरचा एक पार्का, म्हणजे जाड कोट, टाकला कारण हिवाळा जवळ आला होता.