ऐरोली पुलावर गिअर सोडणारा ट्रक

मागच्या डिसेंबरात मी आणि धाकट्या भावाने मिळून एक सेकंड हँड ट्रक घेतला. बीएस-६, २०२१ चं मॉडेल. क्लच पेडल नाही, गिअर गाडी स्वतःच बदलते. पहाटे वाशीच्या एपीएमसीतून कांदा-बटाटा भरायचा आणि दुकानं उघडायच्या आत मुलुंड-भांडुपला पोचवायचा, हा आमचा धंदा. पहिले दोन महिने तक्रारीला जागा नव्हती.

फेब्रुवारीत एका पहाटे ऐरोली पुलाच्या चढावर डॅशबोर्डचं मीटर अख्खं काळं झालं, लगेच पुन्हा उजळलं आणि गिअरच्या जागी न्यूट्रलची खूण लुकलुकायला लागली. ॲक्सिलेटर दाबला तर इंजिन नुसतंच ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. मागे टँकर हॉर्न मारतोय. चावी बंद करून दोन मिनिटं थांबलो, पुन्हा सेल्फ मारला आणि गाडी काही झालंच नाही अशी निघाली.

मग हे आठवड्यातून एकदा, पुढे रोजच व्हायला लागलं. गॅरेजमध्ये नेली की मात्र एकदम ठणठणीत! पहिल्या ठिकाणी बॅटरी बदलली, चार दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजवाल्याने बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. दोन कोड निघाले: यू-०१०१ आणि पी-०५६२. "गिअरबॉक्सचा कंट्रोलर, म्हणजे गिअर बदलणारा छोटा कॉम्प्युटर, गेलाय," म्हणाला आणि ८५ हजारांचा आकडा सांगितला. तेवढे पैसे हातात नव्हते, म्हणून वाचलो. त्याने कोड पुसायच्या आत मी स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता, हे फार बरं झालं.

ते कोड नीट समजून घेतल्यावर माझा विचार बदलला. यू-०१०१ म्हणजे गाडीतल्या बाकीच्या कंट्रोलरांना गिअरबॉक्सच्या कंट्रोलरचा आवाज ऐकू येत नाहीये. तो मेलाय, असं त्यात कुठेही नाही. त्याचं सप्लाय तुटत असेल, अर्थ (करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) ढिला असेल, नाहीतर निरोप नेणारी वायर सुटत असेल. आणि पी-०५६२ तर सरळ सांगतो की व्होल्टेज पडतंय. बॅटरी नवीन असून पडतंय, म्हणजे वाटेत कुठेतरी गळतंय.

भावाने वही घातली. तारीख, वेळ, जागा, माल किती, पाऊस-पाणी, खड्डा की चढ. तीन आठवड्यांनी वही वाचली तर दोन वेगळ्याच गोष्टी दिसल्या. काही वेळा बिघाड चढावर, गिअर बदलताना. काही वेळा सपाट रस्त्यावर, स्पीडब्रेकरचा ठणका बसला की. आणि गाडी धुतली की दुसऱ्या दिवशी हमखास.

ही वही घेऊन कुर्ल्यातल्या एका जुन्या वायरमन काकांकडे गेलो. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. म्हणाले, "दोन दुखणी आहेत रे. एक करंट ओढताना दुखतं, एक हलवल्यावर. आता गाडी चांगली आहे ना? मग दुखणं आपणच मुद्दाम वर काढायचं."

लॅमिंग्टन रोडवरून मी मल्टिमीटर आणला होता, तोच वापरला. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं गिअरबॉक्सच्या उघड्या धातूला, आणि भावाला सेल्फ मारायला सांगितलं. अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं होतं. आकडा १.९ वर गेला. गिअरबॉक्सची अर्थ पट्टी वरून छान दिसत होती, प्लास्टिकचं कव्हर, नट घट्ट. काकांनी ती सोडवून दुमडली तर आतून करकर आवाज आला. कव्हर चिरलं आणि तांब्याच्या तारांऐवजी हिरवा भुगा खाली पडला. मोजून पाच-सहा तारा शाबूत होत्या. गिअर बदलणारी मोटर जोरात करंट ओढणार आणि तो सगळा या पाच-सहा तारांतून परत येणार, मग कंट्रोलरला व्होल्टेज कुठून पुरणार?

मग बॅटरी सोडली आणि मल्टिमीटर स्कॅनरच्या सॉकेटला लावला. माझ्या गाडीत ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर कंट्रोलरांच्या बोलण्याची जोडवायर येते. तिच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून दोन्ही समांतर जोडलेले असतील तर ६० दिसायला पाहिजे. ६० च होतं. काका गाडीखाली झोपले आणि एकेक कपलर (वायरींचा जोड) हलवत गेले. मी आकड्यावरची नजर हटवली नाही. चौथ्या कपलरला ६० चे १२० झाले, म्हणजे एका टोकाचा रेझिस्टर सुटला. सोडला, पुन्हा ६०.

तो कपलर उघडला तेव्हा पिनांवर पांढरी पापडी होती आणि एक पिन मागे सरकलेली. काकांनी बोट लावून वास घेतला, मग माझ्याकडे धरलं. मासळी. वर पाहिलं तर हौद्याच्या फळीला नेमकं तिथेच भोक. आमच्याआधी या गाडीने बर्फातली मासळी वाहिली होती आणि ते खारं पाणी वर्षानुवर्षं याच वायरिंगवर ठिबकत होतं. विकणाऱ्याने "किराणा वाहायचो" असं सांगितलं होतं. त्याचा राग मला अजून आहे.

नवी अर्थ पट्टी, दोन्ही बाजूंचा धातू पॉलिश पेपरने चकचकीत करून. नवा कपलर, पिना वायरवर नव्याने दाबून (क्रिम्प करून), आणि तो हौद्याखालून काढून केबिनच्या मागे उंचावर बांधला. भोकाला रबरी बूच. मजुरी धरून ३,४०० रुपये. सेल्फ मारताना आता आकडा ०.१८ येतो.

दुसऱ्या पहाटे साडेतीन टन माल भरून आदल्या दिवशी मुद्दाम धुतलेली गाडी ऐरोली पुलावर घातली. चढावर दोनदा गिअर बदलला, उतरल्यावर स्पीडब्रेकरचा ठणका बसला. डॅशबोर्डचं मीटर उजळलेलंच राहिलं. भाऊ वही मांडीवर उघडून बसला होता. त्याने तारीख लिहिली, जागा लिहिली, आणि पुढचा रकाना कोराच ठेवला.