कपडा उलटा करून बघा: आमची वाटचाल

मुलांच्या कपड्यांच्या धंद्यात गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग गळ्यावरचं भरतकाम. आमच्याकडे आलेल्याला मी आधी फ्रॉक उलटा करून दाखवते. आतल्या शिवणी, काखेतली माया (शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड), खालची दुमड बघा आणि मग पसंत करा, हे आमचं पहिल्यापासूनचं सांगणं. ही शिस्त आम्हाला कुठल्या क्लासने दिली नाही. आम्हा भावंडांचे सगळे कपडे माझी आत्या घरी शिवायची. त्याच कपड्यांत आम्ही वाढलो आणि आमचा व्यवसाय आजही तिच्याच पेपर कटिंगवर, म्हणजे कापड बेतायच्या कागदी नमुन्यांवर चालतो. हे इतकं ठासून सांगण्यामागे कारण आहे, ते पुढे येईलच.

एकाच ताग्यातून आम्हा सगळ्या चुलत-आतेभावंडांचे कपडे निघायचे. मोठ्यांचे आधी बेतले जायचे, उरलेल्या तुकड्यांत धाकट्यांचे. मी धाकट्यांत. त्यामुळे माझ्या फ्रॉकची पाठ बहुतेक वेळा जोडाची असायची, पण आत्या तो जोड बरोबर मध्यावर आणून त्यावर प्लीट घालायची, कुणाला पत्ता लागायचा नाही. बाबांच्या शर्टाची कॉलर आणि कफ विरले तरी पाठीचं कापड धड असतं, शिवाय धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं. त्यातून तान्ह्यांची झबली व्हायची. कोरं कापड बाळाच्या अंगाला टोचतं, हे ती दर वेळी बजावायची. मुलींच्या फ्रॉकला खिसा पाहिजेच, हा तिचा हट्ट होता. तो आम्ही आजवर सोडलेला नाही.

पण खरी करामत होती वाढीच्या टकेची. घेराच्या खालच्या अंगाला, दुमडीच्या जरा वर, आतल्या बाजूला चार बोटं कापड मुडपून ती टक घालायची. मूल उंच झालं की टक उसवायची, फ्रॉक पुन्हा गुडघ्याखाली. या टकेची टीप लांब टाक्यांची आणि ११ नंबरच्या बारीक सुईने मारलेली असायची, म्हणजे उसवल्यावर कापडात भोकं दिसत नाहीत. तरी जुन्या घडीची रेघ राहतेच, कारण बाहेरचा रंग उडालेला असतो आणि आतला ताजा. त्या रेघेवर आत्या नागमोडी फीत लावायची. माझ्या निळ्या फ्रॉकवर अशा तीन फिती एकाखाली एक होत्या. मैत्रिणींना ती नक्षी वाटायची आणि त्या आपापल्या आईकडे तसाच फ्रॉक मागायच्या. आमच्या मालाची ओळख झालेली फीत ती हीच.

तिचं सिंगरचं पायमशीन आता आमच्या कामाच्या खोलीत आहे आणि गळ्याचं काम आजही त्याच्यावरच होतं. पायाने वेग हवा तसा राखता येतो, वळणावर एकेक टाका टाकता येतो. चामडी पट्टा सैल झाला की चिमूटभर कापून पुन्हा तारेने जोडायचा, बाकी काही मागत नाही ते. वरचा धागा आणि बॉबिनचा धागा कापडाच्या जाडीत मधोमध एकमेकांत अडकला की टीप बसली. वरचा ताण जास्त झाला तर खालचा धागा वर डोकावतो. दोन धाग्यांचा हा टाका एलियास होवे यांच्या १८४६ च्या पेटंटमध्ये आहे, आयझॅक सिंगर यांचं पेटंट १८५१ चं. मशीन विजेवर कितीही पळू दे, सरळ टिपेचा टाका अजून तोच आहे.

मापवार छापील पॅटर्न एबेनेझर बटरिक यांनी १८६३ मध्ये विकायला काढले. आत्याने तसला पॅटर्न कधी हातात धरला नाही. अंगाला नीट बसणारा जुना कपडा ती वर्तमानपत्रावर अंथरायची, शिवणीवरून टाचणीने टोचत जायची आणि कागदावर उमटलेले ठिपके पेन्सिलीने जोडायची. कडेला लिहायची कुणाचं, छाती किती आणि खोड काय. माझ्या आतेभावाच्या, म्हणजे दादाच्या, प्रत्येक कागदावर ‘डावा खांदा उतरता’ असं आहे. तो शर्ट अंगावर चढला की दोन्ही खांदे सारखे दिसायचे. तयार कपड्यात हे सुख मिळत नाही.

त्या कागदांची पेटी घेऊन मी आणि दादाने काम सुरू केलं. दादा मशीन उघडून सुई-शटलचं टायमिंग कानाने लावतो, असा माणूस दुसरा मिळायचा नाही. आत्या कटिंगच्या टेबलाशी उभी राहायची. मधली वर्षं बरी गेली.

मग एक घाऊक व्यापारी आला. नाव लिहीत नाही, या लाइनमधल्यांना कळेल. काही हंगाम त्याने आमचा माल उचलला, पैसे वेळेवर दिले, आत्याच्या हाताचं तोंडभर कौतुक केलं. एकदा ‘मापं नीट कळावीत’ म्हणून त्याने पेपर कटिंग मागितलं. आम्ही दिलं नाही. पुढच्या हंगामात त्याची ऑर्डरच आली नाही, आणि दुकानांतून आमचाच फ्रॉक टांगलेला दिसला. तोच गोल टोकांच्या कॉलरचा पीटर पॅन गळा, तोच उजवीकडचा खिसा, आणि घेरावर तीच नागमोडी फीत! फ्रॉक उसवून, तुकडे कागदावर ठेवून कापलेला, हे आमच्या डोळ्याला एका नजरेत कळतं. दादाच्या मुलीच्या मापाचा मुंढा (बाही जोडायची गोलाई) होता तो, मी ओळखणार नाही?

नक्कल झाली एवढ्यावर थांबलं असतं तर गिळलं असतं. त्याने दुकानदारांना सांगितलं की आम्हीच त्याचा माल बघून शिवतो. आमचे दोन चांगले कारागीर जास्त मजुरीवर नेले. ऑर्डरी थांबल्या, शिवलेले गठ्ठे भिंतीला लागून पडले, कापडवाल्याचं देणं तुंबलं. ओव्हरलॉक मशीन विकावं लागलं आणि कच्च्या कडा आम्ही पुन्हा हाताने गुंफू लागलो. हितचिंतक सांगायचे, माया कमी करा, टक काढून टाका, प्रत्येक फ्रॉकमागे एवढं कापड वाचेल, तुम्हीही त्याच्या भावात विकाल. आत्या म्हणाली, “मग शिवायचं कशाला?” तो विषय तिथे संपला.

आम्हाला तारलं एका काकूंनी. अगदी सुरुवातीपासूनच्या गिऱ्हाईक, आधी लेकीसाठी घ्यायच्या, नंतर नातीसाठी. नातीला कुणीतरी त्या व्यापाऱ्याचा फ्रॉक भेट दिला होता, तो घेऊन त्या आल्या आणि टेबलावर उलटा करून टाकला.

“ताई, ही फीत कशावर लावलीय? खाली तर काहीच नाही.”

खरंच काही नव्हतं. टक नाही, तर उसवल्याची रेघ कुठली? काखेत माया जेमतेम टिपेपुरती. गळ्याची पट्टी उरेब, म्हणजे तिरपी, कापायची सोडून कापड वाचवायला सरळ कापलेली, म्हणून गळा उभा राहत होता. पंचेचाळीस अंशांत कापलेली पट्टीच ताणून वळणावर बसते. खालची दुमड एका धाग्याच्या साखळी टाक्याने मारलेली. शेवटच्या टोकाचं सूत ओढलं तर घेर सरसर उसवत गेला. काकू बघतच राहिल्या. त्यांनी नातीच्या वर्षभराच्या कपड्यांचे पैसे आगाऊ ठेवले, आणि तो उसवलेला फ्रॉक व आमचा फ्रॉक पिशवीत घालून आपल्या ओळखीत घरोघर दाखवला. त्या पैशांतून कापडवाल्याचा पहिला हप्ता गेला. दुकानदार परत आले ते बरंच नंतर, आणि तोवर आम्हाला त्यांची गरज राहिली नव्हती. आम्हीच नक्कल केली असं मानणारे अजूनही आहेत. दादा म्हणतो सोडून दे. माझ्याने सुटत नाही.

घरी मुलांसाठी शिवणाऱ्यांना, विशेषतः नव्या आज्यांना आणि मावश्यांना, चार गोष्टी सांगते. सुती कापड बेतण्याआधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात टक उघडायची वेळ येईल. कापडाच्या कात्रीने कागद कापू नका, दुसरी ठेवा. लहान मापाची बाही बाजूची शिवण घालण्याआधी, कापड सपाट असतानाच जोडा. एवढ्याशा मुंढ्यात गोल बाही बसवताना झोल येतो. सुई बोथट झाली की कापडावर टपटप आवाज येतो, तो ऐकला की लगेच बदला. झबल्याच्या शिवणी बाहेरच्या बाजूला राहिल्या तरी चालतील, बाळाच्या अंगाला लागायला नकोत. आणि मापं दर वेळी नव्याने घ्या, मागच्या वहीतली नकोत.

सध्या आम्ही जुन्या घरगुती कपड्यांवरून पेपर कटिंग करून देतो. तुमच्या आत्याने, आजीने, काकूने शिवलेला एखादा फ्रॉक किंवा शर्ट पेटीत असेल तर फेकू नका. आम्ही तो उसवत नाही, टाचणीने टोचून माप उतरवतो आणि कपडा आहे तसा परत देतो. आणताना धुऊन आणा, खळ घालू नका, खळीने कापड ताठ होतं आणि मुंढ्याचं वळण चुकतं. तो कुणासाठी आणि तेव्हा त्या मुलाचं वय काय असताना शिवला होता, तेवढं आठवत असेल तर चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. कागदाच्या कडेला ते आम्ही लिहून घेतो.