साडेआठ पुस्तकं आणि एक कूलर

साडेआठ. 2025 मध्ये माझी एवढीच पुस्तकं वाचून झाली. मागच्या वर्षी 34 झाली होती, त्यामुळे यंदा जानेवारीत मोठ्या तोऱ्यात डायरीच्या पहिल्या पानावर 40 लिहून त्याला गोल करून ठेवला होता. तो गोल आता बघवत नाही. पण खरं सांगू का, 34 मधली निम्मी पुस्तकं कशाबद्दल होती ते आज विचारलं तर मला मुखपृष्ठाचा रंग आठवतो फक्त. यावर्षीच्या साडेआठातली पानंच्या पानं तोंडपाठ आहेत, कारण त्यातली बहुतेक मी तोंडानेच वाचलीत. मोठ्यांदा. आईला.

झालं असं की मागच्या दिवाळीनंतर आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते छान झालं, पण शुगरमुळे डोळ्याच्या पडद्यावर सूज आलेली निघाली. मग दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. इंजेक्शन दोन मिनिटांचं आणि त्याच्यासाठी बाकावर बसणं साडेतीन तासांचं, पण ते जाऊ द्या. डॉक्टरांनी एक चौकटींचा कागद दिला, मधोमध काळा ठिपका असलेला. तो आम्ही फ्रिजवर चिकटवलाय. रोज सकाळी चहाच्या आधी आई एक डोळा हाताने झाकून त्या ठिपक्याकडे बघते आणि रिपोर्ट देते, "आज मधातल्या लायना वाकड्या दिसून राहिल्या" किंवा "आज बरं हाय बापा". या आजारात कडेचं दिसतं आणि नेमकं मधलं पुसलं जातं. म्हणजे दारात उभा असलेला माणूस दिसतो, त्याचं तोंड दिसत नाही. ओळ दिसते, शब्द दिसत नाही.

आई अमरावतीकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं मास्तरीण होती, आणि रोज दुपारी वाचल्याशिवाय तिला झोप येत नसे. आधी मी हुशारी केली आणि फोनवर एक ऑडिओबुकचं ॲप लावून दिलं. दोन दिवस ऐकलं, तिसऱ्या दिवशी फोन उलटा करून ठेवला. का गं? तर म्हणे, "मी मधात बोलली तरी हा थांबतच नाही." हे मला आधी हास्यास्पद वाटलं. वर्षभरानंतर सांगते, वाचून दाखवण्यातली अर्धी मजा त्या मधात बोलण्यातच आहे.

सुरुवात केली लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रांपासून. घरात जुनी प्रत होती, पानं पापडासारखी. हे पुस्तक मी कॉलेजात असताना मनातल्या मनात वाचलं होतं आणि "चांगलं आहे" एवढंच मत झालं होतं. मोठ्यांदा वाचायला लागले आणि कळलं की बाई लिहीत नाहीतच, ओट्यावर बसून बोलतायत. कुठे श्वास घ्यायचा तेसुद्धा वाक्यच सांगतं. वडिलांच्या सोवळ्याची प्रकरणं, नवऱ्याचा, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचा राग, घरात पैसा टिकू न देण्याची त्यांची हातोटी, हे वाचताना आई इतकी हसायची की मला पुस्तक मिटून थांबावं लागे. टिळक नागपूरला बुटींकडे कामाला होते तो भाग आला तर लगेच ब्रेक. शिर्डीला ज्यांनी वाडा बांधला ते बुटीही नागपूरचेच, हे आईने मला पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि नवरा-बायको पाचेक वर्षं वेगळी राहिली, त्या पानांवर मात्र हसू नाही. आई एवढंच म्हणाली, "अन् ही बाई हे सारं हसत सांगून राहिली."

रेट काय, तर चाळीस मिनिटांत बारा पानं, फार तर चौदा. तीन महिने लागले त्या एका पुस्तकाला.

मग एप्रिल आला. नागपूरचा एप्रिल, त्याबद्दल नागपूरबाहेरच्यांना काय सांगायचं आणि नागपूरवाल्यांना सांगायची गरजच नाही. कूलर लागले. आमचा डेझर्ट कूलर माझ्या लग्नाच्याही आधीचा आहे, पत्र्याचा, चालू झाला की हॉलमध्ये हेलिकॉप्टर उतरल्यासारखं वाटतं. त्याच्या आवाजात वाचायचं म्हणजे ओरडायचं, आणि बंद करायचा तर दोघींच्या अंगाला धारा. आठवडाभर मी ओरडून पाहिलं. शेजारच्या काकूंनी एक दिवस विचारलं, "सगळं ठीक आहे ना, भांडणं वगैरे?" शेवटी पहाटे साडेपाचला गच्चीवर जायचं ठरलं. आईची चटई, माझी प्लास्टिकची खुर्ची, थर्मासमध्ये चहा, आणि सात वाजता ऊन कठड्यावर आलं की पुस्तक बंद. आयुष्यात मी कधी परीक्षेसाठीसुद्धा साडेपाचला उठलेली नाही.

गच्चीवरचं पहिलं पुस्तक म्हणजे उद्धव शेळक्यांची 'धग'. 1960 ची कादंबरी. 2023 मध्ये वर्ध्याच्या साहित्य संमेलनातून मी पिशवीभर पुस्तकं आणली होती, ती पिशवी दोन वर्षं कपाटावर गाठ मारलेलीच होती, त्यातून हे निघालं. यातली माणसं वऱ्हाडीत बोलतात आणि इथे माझी पंचाईत झाली. मी नागपुरात वाढलेली, कॉन्व्हेंटची, "काहून" आणि "करून राहिली" पुरतीच माझी मजल. पहिल्याच सकाळी आईने मला तीनदा थांबवलं. "माह्या" असं अक्षरं मोजत नाही म्हणत, एका झटक्यात म्हणायचं असतं. आणि ळ? तिच्या गावात ळ नव्हताच म्हणे. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, केळं म्हणजे केयं. शाळेत शिकवायला लागली तेव्हा तिने हा ळ मुद्दाम कमावला, आरशासमोर उभं राहून, कारण इन्स्पेक्शनला आलेले साहेब हसले होते. हे मला चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. मी वाचत होते कौतिकची गोष्ट आणि मधूनच निघाली आईची.

कौतिक हे त्या कादंबरीतल्या बाईचं नाव. नवरा महादेव कमकुवत, कामाचा कंटाळा, आणि ही एकटी संसाराशी झुंजतेय, पानामागून पान. मराठीत कष्टाळू बायकांच्या गोष्टी कमी नाहीत, पण लेखक बहुतेक वेळा तिला देवी करून टाकतो. शेळके करत नाहीत. ती चिडते, हिशोब करते, चुकते. आईने महादेवला जे जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. शेवटची चाळीसेक पानं राहिली तेव्हा आई म्हणाली, आता आठ दिवस थांबू. मी विचारलं का, तर म्हणाली, "उन्ह लागून राहिलं मले." ऊन काही लागत नव्हतं, साडेपाच वाजता कुठलं ऊन. थांबलो आठ दिवस.

त्यानंतर बदल म्हणून भालचंद्र नेमाड्यांचं 'कोसला' घेतलं. 1963 चं, माझं लाडकं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी यातली वाक्यं वहीच्या मागे लिहायची. आईला पहिल्या दहा पानांत राग आला. "हा पोट्टा काही काम करते का? बापाचे पैसे हायेत फक्त." मग नायकाच्या बोलण्यात सारखे येणारे ते 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'. मनात वाचताना ती गंमत वाटते, तोंडाने वाचताना दर ओळीला दाताखाली खडा आल्यासारखं होतं, आणि आई आमच्या शाळेतल्या बाईंसारखी "हा दहावा वगैरे" असं मोजायची. मी जवळजवळ सोडलं होतं. मग त्याची धाकटी बहीण मनी जाते तो भाग आला. आई काही बोलली नाही, त्या दिवशी चहाही तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी मी पुढचं पान काढलं तर म्हणाली, "ते त्याच्या बहिणीचं कालचं परत वाच." परत वाचलं. नंतर तिने वगैरे मोजणं बंद केलं.

जूनमध्ये मारुती चितमपल्ली गेल्याची बातमी आली. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. वनखात्यात 36 वर्षं काढलेला माणूस, नवेगावबांध, नागझिरा हे आपल्याच भागातलं जंगल, आणि कितीतरी वर्षं राहिलेही नागपुरातच. आम्ही 'रानवाटा' काढलं. लहान लहान लेख, एका पहाटेला एक, अगदी मापाचं. बगळ्यांच्या वसाहतीला त्यांनी सारंगागार हा शब्द दिला, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार. आईला काकागार इतका आवडला की आमच्या समोरच्या निंबाच्या झाडाचं तेच नाव पडलंय आता. तिला कावळे दिसत नाहीत नीट, पण कितीजण आलेत ते आवाजावरून सांगते. मी तपासत नाही.

पावसाळ्यात गच्ची बंद, कूलरही बंद, मग रात्री हॉलमध्ये. तेव्हा घरातले बाकीचे लोकही ओढले गेले, कारण एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' घेतलं आणि नाटक एकटीने वाचणं म्हणजे कॅरम एकटीने खेळणं. नवऱ्याला भास्कर दिला, लेकाला दिले परागसकट उरलेले सगळे पुरुष, बायका मी. आणि आईला दादी. दादी म्हणजे वाड्यातली सगळ्यात म्हातारी, जिला दिसत नाही आणि जी घरात काहीही चाललेलं असो, वेळ विचारत राहते. आई म्हणाली मला हाच रोल पाहिजे, याला चष्मा लागत नाही. आणि काय टायमिंग! तिकडे दागिन्यांवरून भावाभावांत पेटलंय, नवरा आवाज चढवून वाचतोय, आणि ही कोपऱ्यातून शांतपणे, "वाजले किती?" लेक खुर्चीवरून पडायचा राहिला. आता घरात दिवसातून चारदा ते चालतं. गॅसवर कुकर असताना, मी ऑफिसच्या कॉलवर असताना, "वाजले किती?" कधीकधी तिला खरंच वेळ हवी असते, भिंतीवरचं घड्याळ तिला दिसत नाही, आणि आम्ही हसत बसतो आणि ती चिडते.

ग्रेसांच्या कविता अर्ध्या झाल्या, साडेआठातला अर्धा तोच. मी प्रत्येक कवितेनंतर अर्थ लावायचा प्रयत्न करत होते, आई म्हणाली अर्थ राहू दे, तू वाच. तिला 'महाश्वेता' मालिकेचं टायटल साँग पाठ आहे, ते ग्रेसांचं, आणि तेव्हाही तिने अर्थ कोणाला विचारला नव्हता. मुद्दा बरोबर आहे. पण तिसऱ्या कवितेला ती घोरायला लागते हेही खरं.

दोन पुस्तकं मी माझी माझी वाचली, मेट्रोत. एक गुंतवणुकीवरचं होतं, त्याबद्दल काही बोलण्यासारखं नाही. दुसरं वसंत मून यांचं 'वस्ती'. 1995 चं पुस्तक, त्याच संमेलनाच्या पिशवीतलं. मून म्हणजे ज्यांनी बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड संपादित केले ते, नोकरीने उपजिल्हाधिकारी. त्यांचं बालपण सीताबर्डीजवळच्या महारपुऱ्यातलं, 1956 च्या धर्मांतराच्या आधीचं नागपूर. भूक आहे, अपमान आहे, पण आखाडे आहेत, भजनं आहेत, बाबासाहेबांचं समता सैनिक दल आहे, पोरांची मस्ती आहे, नुसतं रडगाणं शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. मी छत्रपती चौकात चढते आणि कस्तुरचंद पार्कला उतरते, मधे सीताबर्डी. पुस्तकातली सीताबर्डी मांडीवर आणि खरी काचेतून खाली, किल्ला, दुकानांचे बोर्ड, ट्रॅफिक. दोन वेळा माझं स्टेशन चुकलं, एकदा सरळ गड्डीगोदामला उतरले.

मग वाटलं हे आईलाही वाचून दाखवू. ती या पुस्तकात मात्र फारशी मधे बोलली नाही. एकदाच, वाचून झाल्यावर, अंथरूण झटकता झटकता म्हणाली, "माझ्या लग्नाच्या साड्या बर्डीवरून घेतल्या. अख्खा दिवस फिरलो. मागच्या गल्लीत काय आहे ते कोणी पाहिलंच नाही." मी काही बोलले नाही. मी तर रोज वरून जाते.

त्यामुळे असेल, दसऱ्याला मी पहिल्यांदा दीक्षाभूमीजवळच्या पुस्तकांच्या स्टॉलवर गेले. घरापासून जवळ आहे हो, आणि आजवर त्या दिवशी आमचं धोरण एकच, "तिकडे गर्दी असते, रहाटे कॉलनीकडून जाऊ नको." गर्दी होतीच, पांढऱ्या कपड्यांतली, लांबून लांबून आलेली, डोक्यावर गाठोडं आणि हातात पुस्तकांची पिशवी. एक आजी दुकानदाराला पुस्तक दाखवून सांगत होत्या, "वाचता नाही येत, नातीसाठी पाहिजे, मोठ्या अक्षराचं दे." मी कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' घेतलं. त्या नागपूरच्या, जन्माने दलित, संस्कृतच्या प्राध्यापक, आणि संस्कृत शिकताना व शिकवताना काय काय भोगावं लागलं ते त्या पुस्तकात आहे.

ते सध्या चालू आहे, म्हणून साडेआठात धरलेलं नाही. थंडी आहे त्यामुळे गच्ची बंदच, दुपारी अंगणात उन्हात बसतो, आई संत्र्याच्या फोडी सोलते, ते तिला हाताने जमतं, आणि बिया माझ्या पुस्तकावर उडतात. काल एका पानावर मी एक संस्कृत शब्द चुकीचा वाचला. आईने थांबवलं, दुरुस्त केला, मग स्वतःच दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, या बाईंना मी चुकले तर माझी चूक काढायला आवडलं असतं.

नवीन डायरी आली आहे. पहिल्या पानावर आकडा नाही लिहिला. आईने मात्र फर्मान काढलंय की पुढचं पुस्तक खुनाचं पाहिजे, खुनी कोण ते शेवटपर्यंत कळता कामा नये, आणि मी आधी शेवटचं पान वाचून चेहरा करायचा नाही. म्हटलं, आई, माझा चेहरा तुला कुठे दिसतो? म्हणाली, "आवाजात दिसते."